गुडघ्याच्या आतलं बघणं

गेल्या महिन्यात एका शुक्रवारी रात्री साडेदहाला घरी पोचलो. रिलीज संपलेलं, डोकं बधिर, जेवायचं की झोपायचं हेही ठरेना. तेवढ्यात मोबाईलवर एक फोटो आला. एमआरआयचा रिपोर्ट, थोडा तिरका काढलेला, कोपऱ्यात अंगठा. खाली एकच ओळ होती: "दादा, दोरी धरलीया का सुटलीया?"

पाठवणारा माझा धाकटा चुलतभाऊ. पहिलवान आहे. सांगली जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या तालमीत वयाच्या दहाव्या वर्षापासून घुमतोय. दहा महिन्यांपूर्वी एका मैदानात समोरच्याने एकेरी पट काढला, याचा पाय जागेवरच राहिला आणि अंग फिरलं. कडेला बसलेल्यांनाही 'कट्' असा आवाज आला म्हणे. एसीएल तुटलं. म्हणजे अँटिरिअर क्रुशिएट लिगामेंट, गुडघ्याच्या अगदी आतली, करंगळीएवढी एक दोरी. मिरजेला ऑपरेशन झालं. मांडीच्या मागची शीर काढून तिची नवी दोरी वळली आणि हाडात भोकं पाडून ती आत ओवली.

आता चैत्रात गावची जत्रा. मैदानाचं पत्रक छापायचं होतं, जोडी ठरत होत्या, आणि वर्षभर एक रुपयाचं इनाम नाही. खुराक मात्र चालूच. (बदाम, तूप, दूध यांचा महिन्याचा हिशोब काकूंना विचारा. माझ्या फ्लॅटचा ईएमआय बरा वाटतो.) आणि रिपोर्टमध्ये इंग्रजीत लिहिलं होतं की ग्राफ्ट अखंड आहे, पण त्याच्या आत सिग्नल वाढलेला दिसतोय. 'सिग्नल वाढला' एवढंच गड्याला कळलं. आणि रिपोर्टात काहीही वाढलेलं म्हणजे वाईटच, हे आपल्याकडे लहान पोरालाही माहीत असतं.

मी डॉक्टर नाही. साधा कोड लिहिणारा माणूस. त्याला तेवढंच कळवलं, "सोमवारी डॉक्टरांना दाखव, तोवर उड्या मारू नको." पण झोप गेली ती गेलीच. लॉगमध्ये एक वॉर्निंग दिसली की ती कुठून आली हे शोधल्याशिवाय आमच्या जातीच्या माणसाला चैन पडत नाही. शनिवार-रविवार त्यातच गेले, आणि शोधता शोधता मी पार 1895 सालात जाऊन पोचलो. तर मंडळी, हा लेख त्याचा.

*

पुण्याहून सांगलीला जाताना कराड लागतं. कराडला लागूनच गोळेश्वर. तिथले खाशाबा जाधव आपल्या सगळ्यांना शाळेपासून माहीत आहेत. जन्म 15 जानेवारी 1926, कराडच्या टिळक हायस्कूलचे विद्यार्थी. 1948 च्या लंडन ऑलिंपिकला गेले आणि आयुष्यात मातीवर खेळलेला हा गडी तिथे मॅटवर सहावा आला. 1952 ला हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. तिथून खाशाबा बँटमवेट गटातलं ब्राँझ घेऊन आले, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. कराडहून गोळेश्वरला शंभराहून जास्त बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. एरवी पंधरा मिनिटांची ती वाट, त्या दिवशी सात तास लागले म्हणतात.

इथपर्यंत सगळ्यांना पाठ असतं. त्यापुढचं कमी सांगितलं जातं. 1955 साली ते पोलीस खात्यात सब-इन्स्पेक्टर झाले. डोळ्यांसमोर 1956 चं मेलबर्न होतं. आणि गुडघा दुखावला. मेलबर्न हुकलं ते हुकलंच. तेव्हा वय तिशीच्या आत-बाहेर, म्हणजे जवळपास माझं आत्ताचं.

शुक्रवारी रात्री मला पहिल्यांदा जाणवलं की गुडघा दुखावला हे वाक्य 1955 साली केवढं आंधळं होतं. आत नक्की काय झालंय हे बघणार कसं? एक्स-रे होता, पण एक्स-रेला फक्त हाडं दिसतात. गादी, लिगामेंट, शीर हे सगळं त्याच्या लेखी हवाच. डॉक्टरांकडे होते दोन हात. गुडघा दुमडायचा, नडगी धरून पुढे ओढायची, ड्रॉवरसारखी सरकते का बघायचं. आज प्रत्येक ऑर्थोपेडिक डॉक्टर करतो ती लॅकमन टेस्ट, गुडघा थोडासाच वाकवून करायची, ती छापून आली 1976 साली. त्याआधी सुजलेल्या गुडघ्यात लिगामेंट पूर्ण गेलंय, अर्धं गेलंय की गादी फाटलीय, यातला फरक बराचसा अंदाजपंचेच होता. तालमीत तर वस्तादांची मालिश, हळदीचा लेप, नाहीतर हाडवैद्य. "बसल आपोआप." कित्येक गडी असेच बसले.

*

आता मागे जाऊ. इतिहासात तारखा कधीकधी अशा शेजारी येऊन बसतात की कुणी मुद्दाम मांडल्यासारखं वाटतं.

विल्यम वानलेस नावाचा एक कॅनेडियन मिशनरी डॉक्टर 1889 साली हिंदुस्थानात आला आणि 1894 साली त्याने मिरजेत हॉस्पिटल उभं केलं. जागा मिरज संस्थानच्या पटवर्धनांनी दिली. मिरज तोवर रेल्वेचं जंक्शन झालं होतं, त्यामुळे लांबलांबचे पेशंट गाडीत बसून यायला लागले. मोतीबिंदू, मुतखडे, गाठी, हजारोंनी ऑपरेशनं. पुढे सरकारने त्याला 'सर' केलं. सांगली-मिरज रस्त्यावरची वानलेसवाडी त्याच्याच नावाची, तिथे क्षयाचं सॅनेटोरियम होतं. आज मिरजेत पावलापावलावर हॉस्पिटल आहे, बेळगाव-विजापूरपासून पेशंट येतात, त्याचं मूळ इथे. पुढे 1962 ला सरकारी मेडिकल कॉलेज आलं. हाडांच्या बाबतीत तर मिरजेने पुस्तक लिहिलं असं अक्षरशः म्हणता येतं, कारण देशभरातले ऑर्थोपेडिकचे विद्यार्थी ज्या जाडजूड टेक्स्टबुकवर पोसले गेले, त्याचे संपादक डॉ. जी. एस. कुलकर्णी मिरजेचे.

असो. मिरजेत हॉस्पिटल झालं त्याच्या पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर 1895 मध्ये, दोन गोष्टी घडल्या. जर्मनीत वुर्झबर्गला राँटजेनला क्ष-किरण सापडले. आणि त्याच महिन्यात इंग्लंडमध्ये लीड्सला मेयो रॉबसन नावाच्या सर्जनने एका कोळसा खाणकामगाराचा गुडघा उघडून आतली तुटलेली क्रुशिएट लिगामेंट्स शिवली. दोरीवर केलेलं हे पहिलं नोंदवलेलं ऑपरेशन. बिचाऱ्याच्या अंगावर खाणीत माती कोसळून आठ-नऊ महिने झाले होते.

मला यात गंमत वाटली ती वेगळीच. ऑपरेशन यशस्वी झालं हे रॉबसनने ठरवलं कसं? सहा वर्षांनी त्याला पुन्हा पाहिलं. गडी लंगडत नव्हता, पाय भक्कम आहे म्हणत होता. बस्स. हाच त्याचा एमआरआय. नुसतं हसू नका, शेवटी मी परत इथेच येणार आहे.

पुढे 1917 मध्ये ब्रिस्टलच्या हे ग्रोव्हजने वेगळी चाल लावली. तुटलेलं शिवत बसण्यापेक्षा मांडीच्या बाहेरच्या बाजूचा चिवट पट्टा घ्यायचा, हाडात बोगदे पाडायचे आणि तो त्यातून ओवायचा. माझ्या भावाचं ऑपरेशन मूळ कल्पनेत तेच आहे. शंभर वर्षांत बदललं ते हत्यार, स्क्रू, आणि सगळ्यात जास्त म्हणजे बघण्याची सोय.

बघण्याची गोष्ट जपानात सुरू होते. 1918 साली टोकियोत केंजी ताकागीने मूत्राशय बघायची दुर्बीण मृतदेहाच्या गुडघ्यात घालून पाहिली. डोक्यात होता क्षय. गुडघ्याचा क्षय झाला की सांधा आखडायचा, आणि जपान्याला गुडघे दुमडून बसता आलं नाही तर त्याचं घरातलं जगणंच अवघड. हे वाचताना मला आपली मांडी घालून बसलेली पंगत दिसली. खुर्चीवर बसणाऱ्या देशाला हा प्रश्न इतक्या घाईने पडला नसता, असा माझा आपला तर्क. ताकागीचा शिष्य वातानाबे याने ती दुर्बीण कामाची केली आणि 1962 साली दुर्बिणीतून फाटलेली गादी काढली. दुर्बिणीतून लिगामेंट बसवणं सुरू व्हायला 1980 उजाडलं.

पण दुर्बीण झाली तरी भोक पाडावंच लागतं. नवी दोरी कशी आहे हे बघायला दर तीन महिन्यांनी गुडघ्यात दुर्बीण कोण घालून घेईल?

*

इथे एमआरआय येतो. 1973 साली पॉल लाउटरबरने पाण्याच्या दोन बारीक नळ्यांचं चित्र चुंबकाच्या मदतीने काढलं. 'नेचर'ने तो पेपर आधी नाकारला होता, हे ऐकून कोड रिव्ह्यूमध्ये मार खाल्लेल्या सर्वांनी धीर धरावा. 1977 मध्ये डेमेडियनने पहिल्यांदा जिवंत माणसाच्या छातीचं चित्र काढलं, त्याला पाचेक तास लागले. 2003 चं नोबेल लाउटरबर आणि मॅन्सफिल्डला मिळालं आणि डेमेडियनने वर्तमानपत्रात पानभर जाहिराती देऊन निषेध केला. (भांडण मोठं रंजक आहे, पण पुन्हा कधीतरी.) भारतात पहिलं मशीन 1986 साली दिल्लीत डीआरडीओच्या इन्मास संस्थेत आलं. जिल्ह्याच्या गावी पोचायला आणखी बरीच वर्षं गेली. आज सांगली-मिरज, कराड, सातारा, सगळीकडे पाट्या दिसतात.

आता भावाच्या 'सिग्नल'कडे वळू. एमआरआय मुख्यतः पाण्यातल्या हायड्रोजनचं ऐकतो. चुंबकात झोपवायचं, रेडिओ लहरीचा एक धक्का द्यायचा आणि प्रतिध्वनी ऐकायचा. मोकळ्या पाण्याचा प्रतिध्वनी बराच वेळ घुमतो. कंडरा किंवा लिगामेंट मात्र कोलॅजनच्या घट्ट विणीचं असतं. त्यातलं पाणी इतकं जखडलेलं असतं की त्याचा आवाज मशीन कान देईपर्यंत विझलेला असतो. म्हणून धडधाकट कंडरा चित्रात काळीकुट्ट दिसते. काळं म्हणजे घट्ट. करडं-पांढरं म्हणजे आत पाणी शिरलंय, वीण सैल आहे.

मग सरळ हिशोब: दोरी काळी तर चांगली, करडी तर वाईट? सुरुवातीला बऱ्याच जणांना असंच वाटलं. पण काळ मध्ये आणला की हिशोब उलटा होतो.

1986 मध्ये अमिएल आणि सहकाऱ्यांनी सशांवर एक अभ्यास छापला. गुडघ्यात ओवलेली कंडरा हळूहळू स्वतःला लिगामेंटसारखं बदलून घेते, असं त्यांनी दाखवलं. त्याला त्यांनी नाव दिलं 'लिगामेंटायझेशन'. होतं असं की कंडरा मांडीतून काढली की तिचा रक्तपुरवठा तुटतो. आतल्या पेशी मरतात, उरतो तो नुसता सांगाडा. मग गुडघ्याच्या अस्तरातून नवीन रक्तवाहिन्या तिच्यावर चढतात, नव्या पेशी येतात, जुनी वीण उसवून नवी विणतात. घर राहतं ठेवून पाया बदलण्यातला प्रकार. या उसवण्याच्या काळात दोरी बसवली त्या दिवसापेक्षा कमजोर असते.

चित्रात हे कसं दिसतं? ऑपरेशननंतर लगेच एमआरआय काढला तर दोरी छान काळी, कारण ती अजून मांडीतलीच कंडरा आहे. माणूस कुबड्यांवर असतो आणि चित्र सगळ्यात देखणं. मग महिने जातात, सूज उतरते, दुखणं जातं, पहिलवानाचे हात शिवशिवायला लागतात, आणि नेमकी तेव्हा दोरी आतून करडी होत जाते. पहिलं वर्षभर ती करडी दिसू शकते. पुन्हा काळी पडायला दीड-दोन वर्षं. म्हणजे दहाव्या महिन्यात सिग्नल वाढलेला दिसणं याचा अर्थ बहुतेकदा एवढाच: काम चालू, रस्ता बंद.

बहुतेकदा. कारण करडेपणाचं एक दुसरं कारणही आहे आणि ते 1991 च्या सुमारास हॉवेलने एमआरआयवरूनच दाखवलं. नडगीच्या हाडातला बोगदा थोडा जास्त पुढे पडला, तर पाय सरळ करताना नवी दोरी मांडीच्या हाडाच्या छताला घासते. घासलेला भाग करडा पडतो आणि तसाच राहतो. त्याच्या आदल्याच वर्षी जॅक्सन आणि शेफर यांनी आणखी एका गोष्टीचं वर्णन केलं होतं: दोरीच्या पुढे मांसाची एक गोळी तयार होते आणि पाय शेवटचे काही अंश सरळ होऊ देत नाही. दुर्बिणीतून ती एका डोळ्यासारखी दिसते, म्हणून नाव ग्रीक राक्षसाचं, सायक्लॉप्स.

हे वाचताना मला शनिवारी दुपारी लख्ख आठवलं. भावाचा एमआरआय मुळात काढला का होता? पाय पूर्ण सरळ होत नव्हता म्हणून! लगेच रिपोर्ट पुन्हा उघडला. सायक्लॉप्स नाही. दोरी छताला घासत नाही. बोगदे जागेवर. गादी ठीक. डॉक्टरांनी मशीनला जो प्रश्न विचारला होता, त्याचं उत्तर अगदी छान आलं होतं, आणि आमचा गडी न विचारलेल्या ओळीला घाबरून बसला होता. आमच्या ऑफिसात हे रोज होतं. एरर शोधायला लॉग उघडायचा आणि भलत्याच वॉर्निंगवर तीन तास मीटिंग.

त्याला फोन लावला. सगळं समजावलं. पलीकडे शांतता. मग म्हणाला, "मग दादा, चैत्रात उतरू का?"

*

इथे माझी बोलती बंद झाली, कारण या प्रश्नाचं उत्तर चित्रात नाही.

लोकांनी प्रयत्न भरपूर केलेत. दोरीचा सिग्नल शेजारच्या शिरेच्या सिग्नलशी ताडून एक आकडा काढतात. 2001 मध्ये वायलर आणि मंडळींनी मेंढ्यांमध्ये बसवलेल्या दोऱ्या आधी एमआरआयमध्ये पाहिल्या आणि मग मशीनवर ताणून तोडल्या. जितका सिग्नल जास्त तितकी दोरी कमजोर, असं दिसलं. माणसाची दोरी ताणून तोडून बघता येत नाही. शिवाय मशीन बदललं, सेटिंग बदललं की आकडा बदलतो. त्यामुळे त्या आकड्यावर माणसाला मैदानात सोडायचं की नाही हे कुणी ठरवत नाही, ठरवूही नये.

एमआरआयला मांडीची ताकद दिसत नाही. डाव्या पायावर उडी मारून उतरताना गुडघा आत वळतो का, ते दिसत नाही. समोरच्याने पटाला हात घातल्यावर हा अर्धा सेकंद दचकतो का, तेही नाही. पडलेलं, न हलणारं, उताणं गुडघं तेवढं दिसतं. उलट 2016 मध्ये नॉर्वे-अमेरिकेच्या एका अभ्यासाने शंभरेक खेळाडूंचा दोन वर्षं पाठपुरावा केला. त्यात नऊ महिने पूर्ण होईपर्यंत खेळात परतणं जितकं लांबवलं, तितकं दर महिन्यामागे पुन्हा इजा होण्याचं प्रमाण जवळपास निम्म्याने कमी झालं. नऊनंतर मात्र नुसत्या कॅलेंडरचा तसा फायदा दिसला नाही. मांडीची ताकद दोन्ही पायांत सारखी असणाऱ्यांनाही इजा कमी झाली. आणि ते खेळ फुटबॉल-हँडबॉलसारखे. तिथे निदान समोरचा माणूस मुद्दाम तुमचा पाय धरून पिळत तरी नाही.

रविवारी सकाळी गाडी काढून गावी गेलो. वस्ताद तालमीच्या ओट्यावर बसलेले. त्यांनी रिपोर्टकडे पाहिलंसुद्धा नाही. भावाला म्हणाले, "बैठका मार." त्याने मारल्या. मला सगळ्या सारख्याच दिसल्या. विसाव्या बैठकीला वस्ताद म्हणाले, "उजव्यावर उठतुया." मग मी काकूंच्या शिलाई मशीनच्या ड्रॉवरमधली टेप आणून दोन्ही मांड्या मोजल्या. डावी अडीच सेंटिमीटर कमी. एका पायावर उडी मारायला लावली. उजव्यावर जिथे उतरला त्याच्या वीतभर अलीकडे डाव्यावर. आणि उतरताना थोडा डगमगला, ते मलाही दिसलं.

"पर फोटूत तर दोरी चांगली हाय म्हंतूस," भाऊ म्हणाला. आवाज चढलेला होता.

"दोरी चांगली आहे रे. पाय कच्चा आहे."

"तुला काय हुतंय म्हनायला," एवढं बोलून तो आत गेला. खरं होतं ते. माझी खुर्ची काही कुणी पट काढून पाडत नाही.

सोमवारी मिरजेला मीही बरोबर होतो. एक दिवस वर्क फ्रॉम होम टाकलं. डॉक्टरांनी चित्रं एकेक करून स्क्रीनवर दाखवली आणि करड्या पट्ट्यावर बोट ठेवून 'हे व्हायचंच' म्हणाले. मग टेबलावर झोपवून त्याच जुन्या पद्धतीने दोन हातांनी नडगी ओढून पाहिली. दोरी टणक होती. पाय सरळ होत नव्हता तो व्यायामातल्या आळसाने. तीन महिने ताकदीचं काम, मग पुन्हा उडीची परीक्षा, आणि मॅटवर हळूहळू. चैत्र नाही. भाऊ परतताना गाडीत एक शब्द बोलला नाही.

परवा जत्रेचं पत्रक छापून आलं. त्याने मला ते पाठवलं, त्यात त्याचं नाव नाही. खाली आणखी एक फोटो होता, टेप गुंडाळलेली डावी मांडी. अर्धा सेंटिमीटर भरलीय.